नानांचं फाटक

मी साइटवर रोज किती मीटर काम झालं ते डायरीत लिहितो. मीटर उजव्या पानावर, डाव्या पानावर इकडचं तिकडचं. परवा पाहिलं, तर डावी पानं आधी भरलेली!

काम म्हणजे पांडेसऱ्याकडची मालगाडीची बंद लाइन काढून तिथे चालण्याचा आणि सायकलचा रस्ता करायचा.

*

रूळ उचलले त्याच दिवशी लाइनीलगतच्या वस्तीतल्या सिंधूताई साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला निघाल्या. लाइन होती तिथे थांबल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

मी म्हणालो, "ताई, पटरी उचलली!"

"पटरी उचलली रे भाऊ. गाडीले सांगलं का कोनी?"

*

जुन्या फाटकाजवळ एक केबिन आहे. तिथे नाना बसतात. आधी गँगमन, मग गेटमन, आता रिटायर. केबिनची चावी कुणी मागितली नाही, नानांनी दिली नाही.

नवा रस्ता झाल्यावर नाना त्यावरून चालले, तेही रुळांखालच्या स्लीपरच्या अंतरानं, तुटक तुटक पावलं टाकत.

इंजिनिअर पटेलसाहेब म्हणाले, "काका, मोकळे चाला, रस्ता सपाट आहे."

"तुमच्यासाठी सपाट, साहेब. पायाला अजून ऑर्डर आली नाही!"

*

एका सकाळी सायकलच्या पट्ट्यावर पांढरे गोल दिसले. साहेब पेंटरवर गुजरातीत खवळले, "आ गोळ गोळ मार्किंग कोणे कर्युं?" वाकून टेप लावली. "साइझ पण सारखी नाही!"

मागून सिंधूताई ओरडल्या, "हातानं थापेल ज्वारीच्या बिबड्या हायेत साहेब, मशीनचे पापड नाहीत! पाय नका ठेवू, वाळत घातल्या, अजून ओल्या हायेत!"

*

प्लॅनमध्ये केबिनवर लाल फुली होती. नाना म्हणाले, "साहेब, घरी दिवसभर टीव्ही. केबिन गेली तर मी बसू कुठे?"

साहेब म्हणाले, "काका, प्लॅन म्हणजे प्लॅन."

जेसीबी आला. नाना लाल झंडी घेऊन आडवे उभे राहिले. जेसीबी थांबला.

साहेब ओरडले, "चलाओ!"

ड्रायव्हर म्हणाला, "कैसे चलाऊँ साहब? लाल झंडी है!"

शेवटी ठरलं, मोठ्या साहेबांची पाहणी होऊ दे, मग केबिन पाडू.

*

पाहणीला मोठे साहेब स्वतः सायकलवर आले. मागे सगळं ऑफिस सायकलवर, निम्मे लोक डगमगत. फाटकापाशी पोचतात तोच सिंधूताई आणि पाच-सहा बाया रस्ता ओलांडायला आल्या.

केबिनमधून नाना निघाले. अंगात जुना युनिफॉर्म. लाल झंडी वर!

मोठ्या साहेबांनी कचकन ब्रेक दाबला. मागचं ऑफिस एकमेकांवर आदळलं. बायांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग सावकाश पलीकडे गेल्या. नानांनी हिरवी झंडी दाखवली.

मोठे साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "शिस्त चांगली आहे. ही व्यवस्था कुणाची?"

पटेलसाहेबांनी प्लॅन उघडला. अंगठा नेमका लाल फुलीवर ठेवला.

"प्लॅनमध्येच आहे, सर."