होडीत गेलेला झोपाळा

देशाने बाजार उघडला तेव्हा तंजावुरात जो तो काहीतरी विकत घेत होता. कुणी केबल, कुणी रंगीत टीव्ही. मी, टेलिफोन खात्यातला कारकून, घरात शिडाची होडी बांधायला घेतली. समुद्र बसने दोन-तीन तास लांब आणि मला पोहताही येत नाही. पण रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं, त्यात होडीचा आराखडा होता आणि खाली छापलं होतं, 'कुणालाही जमेल'. त्या 'कुणालाही'मध्ये मी नक्की मोडतो, असा माझा समज.

हॉलमध्ये सांगाडा उभा राहिला. बसायच्या आडव्या पाटासाठी सागाची रुंद फळी हवी होती. ती घरातच होती, साखळ्यांना टांगलेली. बायकोच्या माहेरून आलेला झोपाळा. त्यावर रोज संध्याकाळी आम्ही दोघं कॉफी प्यायचो. ती चार दिवस पापनाशमला भावाकडे गेली आणि मी डाव साधला.

परत आल्यावर तिने नुसत्या साखळ्या पाहिल्या.

"माझ्या ऊंजलची पलगै कोठें?"

"झोपाळ्याची फळी होडीत आहे. एक खिळासुद्धा मारला नाही, नुसती खाचेत बसवली. पाण्यात एक फेरी झाली की जशीच्या तशी टांगतो."

"मग तोंवर तुमची काफी तुम्हीच करून प्या."

बोलल्याप्रमाणे वागण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. आठ महिने मी होडीला टेकून उभ्या उभ्या पाणचट कॉफी प्यायलो. चोरी माझीच, त्यामुळे रुसायचीही सोय नव्हती. तिची फार आठवण यायची, आणि ती तर स्वयंपाकघरातच होती.

आमच्या आसारीने, म्हणजे सुताराने, जन्मभर दारंच केली होती. "सार, याला कडी कुठे लावू?" असं तो रोज विचारी. शीड दोन जरीकाठी वेष्ट्यांचं, म्हणजे माझ्या धोतरांचं. डोलकाठीचं माप मात्र मी स्वतः घेतलं. गावातल्या कालव्यावरचे पूल बुटके, म्हणून मे महिन्यात टेप घेऊन पुलाखाली उतरलो, तळापासून वरपर्यंत मोजलं आणि काठी हातभर आखूड ठेवली. हिशेब चोख होता.

आयुधपूजेला बायकोने करवती, रंधे, स्कूटर, मिक्सर सगळ्यांना गंध-कुंकू लावलं. होडीला वगळलं. होडीतल्या फळीला मात्र लावलं.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, टेम्पोतून होडी कालव्यावर नेली. ती तरंगली! वेष्ट्या फुगल्या, काठावरची अर्धी गल्ली ओरडली आणि मी ऐटीत पुलाकडे निघालो. पूल पाच हातांवर आला तेव्हा ध्यानात आलं, मे महिन्यात कालव्यात पाणी नसतं.

काठी कडाडली. जरीकाठी शीड माझ्या डोक्यावर. वरून आसारी ओरडला, "सार, सांगितलं असतं तर कापून दिली असती!"

हातांनी पाणी मारत कसाबसा पायऱ्यांशी आलो. खालच्या पायरीवर बायको उभी होती.

"पलगै भिजली काय?"

"नाही."

तिने वाकून हात फिरवून खात्री केली. मग लुगडं सावरून होडीत चढली आणि फळीवर तिच्या नेहमीच्या डाव्या बाजूला बसली. एक पाय दुमडून घेतला, दुसऱ्याने पायरीला हलकेच रेटा दिला, घरी जमिनीला द्यायची तसाच. मी उजवीकडे सरकून बसलो.


"काफी आणावयाची होती," ती म्हणाली.