हनुवटीवरचे तीन ठिपके

"ही माजी आय न्हाई," हौसाबाई म्हणाल्या आणि टीव्हीकडे पाठ करून बसल्या.

भरे गावातलं त्यांचं घर. मी पिरंगुटच्या आमच्या लॅबमधून पेन ड्राइव्ह घेऊन गेलो होतो. जुने मूकपट साफ करायचे आणि लोकांना घरी बघता येतील असे रिलीज करायचे, हे आमचं काम. या मूकपटात पाणवठ्यावरच्या बाईचं छोटं काम हौसाबाईंच्या आईनं केलेलं. आई गेली तेव्हा त्या सात वर्षांच्या. घरात तिचा एकही फोटो नाही. आता नव्वदीला टेकल्या होत्या. आईचा चेहरा एकदा बघायचा, एवढंच मागणं होतं.

"आजी, पडद्यावर नाव तर त्यांचंच येतंय."

"नाव ऱ्हाऊ दे. आयच्या हनवटीवर तीन ठिपकं हुतं, गोंदल्यालं. हिची हनवटी कोरी हाय."

मी पेन ड्राइव्ह काढला आणि तडक निघालो.

फिल्मवरची धूळ एका फ्रेमवर असते, पुढच्या फ्रेमवर नसते. प्रत्येक फ्रेममध्ये जे टिकतं, ते चित्रातलंच. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पण त्या सीनभर बुरशीचे डाग होते, रिलीज तोंडावर आलं होतं. मी सॉफ्टवेअरचं डाग पुसण्याचं सेटिंग चढवलं आणि उरलेलं हातानं पुसलं.

लॅबमध्ये येऊन मूळ स्कॅन उघडला. तीन ठिपके स्वच्छ दिसत होते. मीच पुसले होते. गाढव कुठला!

साहेबांना सांगितलं.

"तीन ठिपक्यांसाठी रिलीज थांबवायचं? कळणारे कोणाला?"

"जिला कळायला पाहिजे तिला कळलंय, सर."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. एकेक फ्रेम करावी लागेल."

साहेबांनी कॅलेंडरवर रिलीजची तारीख पाहिली. मग म्हणाले, "करा. पण तुम्हीच करा. दुसऱ्या कोणाला बसवू नका."

केलं. थोडी बुरशी राहिली, राहू दिली.

या वेळी हौसाबाई खुर्ची ओढून टीव्हीला चिकटूनच बसल्या. पाणवठा आला. घागर घेतलेली सोळा-सतरा वर्षांची पोरगी वळली. मी तिथेच थांबवलं.

"आगं," हौसाबाई पडद्याशी बोलल्या, "किती बारकी हायेस गं तू! माज्या पणतीएवढी हायेस."

मग रडल्या. मलाही आवरलं नाही.

आता आमच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढली आहे: घरचं कोणी हयात असेल, तर रिलीजआधी त्यांना दाखवणे. साहेबांनी खाली सही केली.