तिघांनी वाचलेली चिठ्ठी

ऐंशीच्या दशकात मी चामोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. वर्गात चक्रवाढ व्याज शिकवायचो आणि त्या गणितावर माझाच फार विश्वास बसला होता. दामदुप्पट देणाऱ्या एका कंपनीत मी शिल्लक गुंतवली. तेवढ्यावर थांबलो असतो तर एकट्याचंच नुकसान झालं असतं. पण माझ्या शब्दावर गावातल्या रखमाबाईनेही पैसे ठेवले. ती विधवा होती. तेंदूपत्ता तोडून, धानाच्या रोवणीला जाऊन तिने मुलीच्या, शांताच्या, नर्सिंगसाठी ते साठवले होते.

मुदत संपल्यावर चंद्रपूरला गेलो, तर कार्यालयाला कुलूप आणि दारावरची पाटीही गायब. महिन्यापूर्वीच सगळे पळाले, असं शेजारच्या पानठेल्यावर कळलं.

परतताना गावी जायचा धीर झाला नाही. मार्कंड्याला उतरलो. तिथला महादेव आमच्या घराण्याचा, पण त्या दुपारी हात जोडवेनात. गाभाऱ्यात उभा राहून मनात म्हटलं, तू असशील तर त्या बाईचे पैसे परत दे. मग खाली वैनगंगेच्या काठी बसलो. रखमाबाईला काही न सांगता बदली मागून निघून जायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात एक म्हातारा नावाडी डोंगा काठाला लावून माझ्याजवळ आला. "भाऊ, खिशाले पेन दिसून राह्यला. वाचता येत असन ना?" त्याने कनवटीची चिठ्ठी काढली. "पोराची हाये. तिघाइनं वाचली, तिघाइचं वेगवेगळं निघालं. म्हून मले परका माणूस पाह्यजे होता."

मुलाने लिहिलं होतं की तो सासुरवाडीलाच राहणार, परत येणार नाही, वाट पाहू नये. माझ्या तोंडाशी आलं होतं, दिवाळीला येतो म्हणतो. पण म्हातारा डोळे रोखून पाहत होता. मी अक्षर न् अक्षर वाचलं.

त्याने चिठ्ठी माझ्या हातून घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाला, "बरं झालं. दोन वर्षांपासून रोज वाट पाहून राह्यलो होतो. कोणी सांगतच नोहोतं." चिठ्ठी कनवटीला खोचून तो डोंग्याकडे गेला. मीही उठलो आणि गावची गाडी पकडली.

रखमाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. ती रडली, मला बोललीही. "शिकलेला माणूस म्हून भरोसा केला, गुरुजी!" शेवटी पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "पगार तं चालू हाये ना तुमचा? मंग पोरीचा खर्च तुमी करा."

मी हो म्हणालो. चंद्रपूरचं कुलूप पाहिल्यापासून पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

शांता नर्स झाली, गडचिरोलीकडे नोकरीला लागली. पुढे त्या नावाड्याला शोधायला मी दोनदा गेलो. तो भेटला नाही, आणि घाटावरच्या कुणाला त्याचा पत्ताही सांगता आला नाही. तो कोण होता याचा मी खल करत नाही. मागितलेले पैसे महादेवाने दिले नाहीत. मला रखमाबाईच्या अंगणापर्यंत मात्र नेलं. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. अजून दर्शनाला जातो, पण आता अटी घालत नाही. समोर येईल ते काम माझ्या हातून नीट होऊ दे, एवढं म्हणतो आणि पायऱ्या उतरतो.