दारापुढची वांगी

लग्नानंतर नाशिकला बिऱ्हाड थाटायला निघाले, त्या सकाळी आमच्या फाट्यावर एसटी उभी होती. टपावर माझी पत्र्याची पेटी चढली होती, आई पदराने डोळे पुसत होती आणि नाना, म्हणजे माझे वडील, कुठेच दिसत नव्हते. कंडक्टर घाई करायला लागला. एवढ्यात पाटाच्या कडेने नाना येताना दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले. लेक घर सोडून चालली त्या दिवशीही हा माणूस शेतांना पाणी वाटून आला होता. खिडकीशी येऊन म्हणाले, "जठे जाशी तठे आगुदर इचारजो, मंग पेरजो."

जिथे जाशील तिथे आधी विचार आणि मग पेर. आता नव्या नवरीला हा काय उपदेश! मला वाटलं, सासूबाईंना विचारून वागत जा, असं आडून सांगताहेत. मी मान हलवली. गाडी सुटली, आणि बंधारा दिसेनासा होईपर्यंत मी इतकी रडले की शेजारी बसलेल्या नवऱ्याने घाबरून मला दोन संत्री सोलून दिली.

आमचं गाव बागलाणात, मोसम नदीच्या काठी. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन फडांमध्ये वाटलेली. फड म्हणजे शेतांचा मोठा पट्टा. प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात. एका फडात गहू ठरला की सगळ्यांनी गहूच लावायचा, दुसऱ्यात ऊस ठरला की ऊसच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बंधाऱ्याजवळच्या पारावर सभा भरायची आणि पुढच्या वर्षाचं ठरायचं. सातबारा ज्याचा त्याचा, पण पीक गावाला विचारून. पाणी सगळ्यांचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? शहरात हे कोणाला सांगितलं की हसतात. स्वतःच्या शेतात काय लावायचं ते लोकांना विचारायचं? मी म्हणते, हो. आणि लोकांनी नाही म्हटलं तर नाही लावायचं.

मी लहान असताना धाकट्या काकाने गव्हाच्या फडात कोणाला न विचारता ऊस लावला. नाना तेव्हा पंच होते. सख्ख्या भावाचा कोवळा ऊस त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला. काका बांधावर उभा राहून शिव्या देत होता, नाना उपटत होते. आणि त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी पाटावर जेवायला बसला. तशी गावाची रीतच होती. ज्याचं पीक उपटलं, त्याला पंचाने त्याच दिवशी घरी बोलवायचं आणि आपल्या हाताने वाढायचं. काका खाली मान घालून जेवत होता आणि नाना तूप वाढत होते. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून पाटातला गाळ काढायला गेले.

नाशिकला आल्यावर हे सगळं मागे पडलं. अंबडच्या कारखान्यात यांची तीन पाळ्यांची नोकरी आणि जवळच भाड्याच्या दोन खोल्या. खिडकीतून दिसायचं ते समोरच्याचं वाळत घातलेलं धुणं. मी बालवाडीत शिकवायला लागले. तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'शे' निघालं आणि दुसऱ्या बाई फिसकन हसल्या. त्या दिवसापासून मी 'आहे' म्हणायला शिकले ते इतकं चांगलं, की पुढे पालक विचारायचे, बाई तुम्ही पुण्याच्या का? मला तेव्हा याचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. अहिराणी घरात बोलायची आणि शाळेत शुद्ध, यात मला कधी काही तुटल्यासारखं वाटलं नाही. दोन चपला असाव्यात, एक घरातली आणि एक बाहेरची, तसंच ते.

दहा वर्षांनी आम्ही रो हाऊस घेतलं. एकसारखी घरं, एकसारखे गेट, आणि प्रत्येकाच्या दारापुढे चार पावलांचं अंगण. सगळ्या अंगणांत बिल्डरने हिरवळ लावून दिली होती. सोसायटीचा नियम होता की अंगणात कुठलाही बदल करायचा तर आधी कमिटीची परवानगी घ्यायची. हा नियम आम्ही वाचला होता, पण मनावर कोण घेतो? जूनमध्ये मी ती हिरवळ कुदळीने उचलून टाकली, वाफे केले आणि वांगी, मेथी, मिरच्या लावल्या. गेटवर वालाची वेल चढवली. इतक्या वर्षांनी नखांत माती गेली, त्याचा आनंद मी इथे लिहून दाखवू शकत नाही.

त्याच पावसाळ्यात नाना आमच्याकडे आले. आई आदल्या वर्षी गेली होती. घरी नाना एकटे, गुडघे धरलेले, स्वयंपाकाच्या नावाने शून्य. ते कायमचे इथे राहावेत एवढंच मला हवं होतं. त्यांनी मात्र आपली पिशवी खुंटीवरून काढून कपाटात कधी ठेवली नाही. "देखू," म्हणायचे. बघू. रोज सकाळी वाफ्यांशी उकिडवे बसायचे, तेवढाच वेळ त्यांचा चेहरा उजळ असायचा. मी मनात म्हणत होते, ही वांगीच नानांना धरून ठेवतील.

गणपती उठले आणि सोसायटीची नोटीस आली. परवानगीशिवाय केलेली लागवड काढून हिरवळ पूर्ववत करावी. खाली सही सेक्रेटरी बर्वेकाकांची. निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा शर्ट, कात्रीने कापल्यासारखी त्यांची हिरवळ. आमचे हे भडकले. "जागा आपली, पैसे आपले, खरेदीखत आपल्या नावावर. हे कोण आपल्याला विचारणारे?" मीही त्यांच्याच बाजूची होते. कुणाच्या काय पोटात दुखतं वांग्याने?

नाना चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही इचारेल व्हतं का?"

"नाही," मी म्हणाले. "पण नाना, आपलंच अंगण आहे हे."

त्यांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर वाफे मोकळे. फुलोऱ्यावर आलेली वांगी, मिरच्या, मेथी, सगळं मुळासकट उपटलेलं. मुळांची माती झाडून रोपं कडेला एका ओळीत मांडून ठेवलेली. वालाची वेल गेटवरून उतरवून गुंडाळी केलेली. आणि नाना पायरीवर बसून हात धुत होते.

मी बापावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. अख्ख्या गल्लीने ऐकलं. बर्वेकाका बाहेर आले आणि पांढरेफटक पडले. "अहो, एवढं नको होतं हो," म्हणाले. "आम्ही फक्त नोटीस दिली होती." त्यांच्या नोटिशीला आजवर कोणी भीक घातली नव्हती, आणि पहिल्यांदा कोणी मानली तर अशी! हे कामावरून आले तेव्हा म्हणाले, "नाना आपल्या बाजूचे आहेत की सोसायटीच्या?" मी दार लावून आत पडून राहिले. माझ्या मनात एकच होतं. आता नाना जाणार. ज्या मातीसाठी थांबले होते, ती त्यांनीच रिकामी केली.

दिवेलागणीला स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. जाऊन बघते तर नाना गॅसपुढे उभे. जन्मात कधी चुलीपुढे न बसलेला माणूस पिठलं ढवळत होता. गुठळ्याच गुठळ्या. त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला, ताट वाढलं, त्यावर तूप सोडलं आणि म्हणाले, "जेव माय."

तेव्हा मला काका आठवला. त्याचं खाली घातलेलं डोकं आठवलं, आणि पंचाने स्वतः वाढायची ती रीत. नाना माझ्यावर रागावले नव्हते. त्यांच्या लेखी मी फडातली एक होते, आणि ही सोसायटी म्हणजे गावच होतं. मी ते गुठळ्यांचं पिठलं जेवले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण राग कुठेतरी निघून गेला होता. यांनाही वाढलं. हे बिचारे काही न कळता जेवले आणि वर "छान झालंय" म्हणाले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कमिटीची सभा होती. नाना टोपी घालून गेले, मागून मी. सभेला नेहमी लोक भांडायला यायचे, पाणी आणि गाड्यांवरून. नाना उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मनी पोरना दारपुढे आम्हाले वांगी लावनी शेत. तुमनी काही हरकत शे का?"

वांगी लावायची आहेत, हरकत आहे का, हे अहिराणीतून ऐकून दोघं-तिघं हसले. माझी कानशिलं तापली. पण नाना शांत उभे होते, कारण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मग एकेक हरकत निघाली. डास होतील. चिखल रस्त्यावर येईल. उन्हाळ्यात टाकीला पाणी नसतं, त्यात तुमचा भाजीपाला. नानांनी प्रत्येक हरकत ऐकून घेतली आणि मान डोलावली. पाणी भांडी धुतल्याचं घालू, वेल भिंतीच्या वर जाऊ देणार नाही, शेणखत घालायचं तर आधी सांगू. तरी कोपऱ्यातल्या घराने नाहीच म्हटलं. शेवटी हात वर झाले. बर्वेकाकांनी एका हंगामापुरती परवानगी दिली. मला वाटतं, 'हंगाम' हा शब्द त्यांनी नुसता शोभेला वापरला असावा.

नानांनी तो शब्दशः घेतला. वांगी संपली की पुन्हा सभेत उभे. "आते मेथी लावनी शे. हरकत शे का?" बर्वेकाका म्हणाले, "नाना, एकदा दिली ना परवानगी, ती कायमची." नाना म्हणाले, "कायमनी कशी? दर सालले इचारनं पडस." कमिटीच्या सभा पूर्वी वर्ष-वर्ष होत नसत, त्या नानांच्या मेथीसाठी व्हायला लागल्या. लोक त्याला 'नानांचा विषय' म्हणायचे, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. त्यांचं बघून दोन-तीन घरांनी विचारून कढीपत्ता, गवती चहा, शेवंती लावली. सगळी सोसायटी काही बदलली नाही. एकाने फरशी घालून गाडी उभी केली, आणि बर्वेकाकांची हिरवळ होती तशीच राहिली.

आखाजी जवळ आली तशी नानांनी पिशवी भरली. "मी जासू," म्हणाले. गावाची सभा, पंचाला जायलाच हवं. मी अडवलं नाही. स्टँडवर त्यांना बसवून आले आणि घरी येऊन वाफ्यांशी बसले. नाना गेले ते गेलेच, असं मला वाटत होतं. गावात भाऊबंद होते, पार होता, पाट होता. इथे काय होतं? चार पावलांचं अंगण.

तिसऱ्या दिवशी नाना परत. तोच सदरा, तीच पिशवी. पाणी प्यायले आणि म्हणाले, सभेला कोणी आलंच नाही. ज्याने त्याने बोअर घेतलं होतं. कोणी डाळिंब लावलं होतं, कोणी कांदा. पाटात गवत वाढलेलं. नाना दुपारपर्यंत पारावर एकटे बसले आणि मग फाट्यावर आले. "तठे आते कोनी कोनले इचारत नई," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी पिशवी रिकामी केली, कपडे कपाटात ठेवले आणि मला म्हणाले, "रविवारले सभा शे ना?"

गावाकडच्या माझ्या माणसांनो, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तुमच्या डाळिंबांनी तुमची पक्की घरं उभी राहिली, मला त्याचा आनंदच आहे. आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, गाव मागे राहिलं म्हणून हळहळत बसू नका. मी नाही बसत. आमच्या गावातलं जे मला प्यारं होतं, ते माझे वडील पिशवीतून घेऊन आले आणि पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून गेले.

पुढे नाना बरीच वर्षं जगले, आमच्याच घरी. एका उन्हाळ्यात झोपेतच गेले. जूनमध्ये सभा होती, मी मागे जाऊन बसले. वाफे कोरडे पडले होते, काही लावावंसं वाटत नव्हतं. पाण्याचं झालं, गाड्यांचं झालं, लोक उठायला लागले. तेव्हा बर्वेकाका म्हणाले, "बसा मंडळी. नानांचा विषय राहिलाय." आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मी उभी राहिले. शाळेत इतकी वर्षं बोलणारी बाई मी, पण तोंडून शुद्ध काही निघेना. "आम्हाले वांगी लावनी शेत," मी म्हणाले. "तुमनी काही हरकत शे का?"

कोणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या घराचाही हात वर झाला.

"लावा," बर्वेकाका म्हणाले. मग ते स्वतःच खुर्चीतून उठले, शर्ट नीट केला आणि सभेकडे वळून हात जोडले. "आणि मलाही हिरवळ काढून चार वांगी लावायची आहेत. तुमची काही हरकत?"

माझं घर कुठे, असं आता कोणी विचारलं तर मी नाशिक सांगते. वांग्याचं बियाणं नानांनी दर हंगामाला धरून डब्यात जपलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं मी बर्वेकाकांना नेऊन दिलं.