रेनो कांगासचा सर्व्हर

रेनो कांगासचा सर्व्हर त्याच्या तळघरात होता, बटाट्यांच्या पोत्याशेजारी. टेलिफोन कंपनीत चौतीस वर्षं तारा जोडून निवृत्त झालेला हा माणूस, त्याला स्वस्थ बसवेना. म्हणून त्याने हँकॉक गावच्या आम्हा सव्वाशे लोकांसाठी इंटरनेटवर गप्पांची एक जागा थाटली. जाहिराती नाहीत, वर कुणी शेठ नाही. अशा जागा जगभर हजारो, प्रत्येकीचा कारभारी वेगळा, आणि सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. मी घरी बसून सरोवरापलीकडच्या थंडर बे गावातल्या बायकांचं विणकाम बघायची आणि नाक मुरडायची. काय मजेचे दिवस होते ते!

रेनोची मतं ठाम. "मशीन काय, कुणीही सांभाळेल. तुमचे रुसवेफुगवे सांभाळणं हे खरं काम," तो म्हणायचा. कुणी कुणाला टाकून बोललं की तो आधी फोन करायचा. फोनवर माणूस निम्मा निवळतो, असं त्याचं म्हणणं. दर रविवारी चर्चनंतर तो डागडुजीसाठी सर्व्हर अर्धा तास बंद ठेवायचा, आणि आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत त्याला छळायचो.

थंडर बेच्या सर्व्हरवर त्याची मुलगी क्रिस्टा होती. आईच्या दफनाच्या दिवशी बापलेकीचं वाजलं, तेव्हापासून नऊ वर्षं अबोला. पण रेनो रोज सकाळी कालव्याचा फोटो टाकायचा आणि ती त्यावर पसंतीची खूण म्हणून एक चांदणी ठेवायची. तेवढंच दोघांचं बोलणं. हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पेस्टी, म्हणजे आमची खिम्याची मोठी करंजी, केचपशी खावी की ग्रेव्हीशी, यावरून थंडर बेच्या एका टोणग्याशी माझी जुंपली. त्याने माझ्या मेलेल्या नवऱ्याला मधे ओढलं. तुझी पेस्टी खाऊनच गेला असेल, म्हणे! माझं डोकंच फिरलं.

"तोडून टाक त्यांना," मी रेनोला म्हटलं. "सगळ्यांनाच."

"एका माणसापायी? ॲल्मा, आधी कॉफी घे. मी त्यांच्या कारभाऱ्याला परत फोन लावतो."

"तो उचलत नाही, कालच म्हणालास. तोडणार नसशील तर आपल्या विणकामवाल्या बारा जणी घेऊन मी चालले."

रेनोने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं बाई. दोन दिवस तोडू. तू शांत झालीस की जोडू."

जन्मभर तारा जोडलेला माणूस तो. तार काढली, परत लावली की घंटी वाजते, हेच त्याच्या डोक्यात. इथे तसं नसतं. दुसरा सर्व्हर तोडला की तिथल्या प्रत्येक माणसाशी असलेली जोडणी कायमची पुसली जाते. परत हवी तर एकाने नव्याने विनंती पाठवायची, दुसऱ्याने ती स्वीकारायची. पडद्यावर तशी सूचना आली होती. मी त्याच्या मागे घाई करत उभी होते, त्याने ती वाचलीच नाही.

दोन दिवसांनी सर्व्हर जोडला. बाकीच्यांनी एकमेकांना शोधून काढलं. रेनोच्या फोटोवर चांदणी आली नाही. तेव्हा कुठे त्याने मला सगळं सांगितलं.

"मग पाठव ना विनंती, मेल्या!"

"तिला वाटणार, बापानेच तोडलं. आणि खरंच आहे ते. बटण मीच दाबलं."

तीन आठवडे कुढून शेवटी त्याने विनंती पाठवली. अख्खा हिवाळा उत्तर नाही. मला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही. एकदा शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मार्चमध्ये अंगणातला बर्फ उपसताना त्याचं हृदय बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसले. पासवर्ड त्याने मला देऊन ठेवले होते. क्रिस्टाला कळवायचं होतं आणि तिचा पत्ता कुणाकडेच नव्हता. बघते तर विनंती स्वीकारलेली, तासाभरापूर्वीच. खाली एक ओळ: "बाबा, मी रागाने इतके महिने इथे आलेच नव्हते. हा माझा नंबर."

मी फोन लावला. आधी आपला अपराध कबूल करायचा, मग बातमी सांगायची, असं ठरवलं होतं.

"क्रिस्टा, मी ॲल्मा, बाबांची शेजारीण. त्यांनी तुला नव्हतं गं तोडलं. मी तोडायला लावलं. ते रोज तुझी वाट बघत होते."

ती रडता रडता हसली.

"मग द्या ना त्यांना फोन," ती म्हणाली.