शेवटच्या पानावरचं शुद्धलेखन

शमीमबाईंच्या बदलीचा कागद अजून निघालेला नाही. भूमच्या पंचायत समितीतल्या एका कारकुनानं आज दुपारी ट्रंककॉलवर हे सांगितलं. आपलं नाव छापू नका, असंही बजावलं.

गेल्या शुक्रवारी मी निघालो तो बाईंच्या पत्रामुळे. ईट गावाच्या पुढं, फाट्यापासून आत असलेल्या एका गावात त्या सातवीला शिकवतात. रोज शेवटच्या तासाला त्या मुलांना एक कादंबरी वाचून दाखवतात. महायुद्धात बेकरीच्या पिठाच्या कोठीत लपलेल्या दोन ज्यू भावंडांची गोष्ट. शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांना गाव आबा म्हणतं, त्यांचं म्हणणं, सगळं बनावट आहे. बाईंनी आमच्या वर्तमानपत्राला विचारलं होतं: भावंडं लेखकानं रचली हे मला कळतं, पण त्यांच्यावरचे नियम खरे होते का? मी इतिहासाच्या ग्रंथांतून नियम उतरवून घेतले. बागेतल्या बाकावर बसायचं नाही. सायकल, रेडिओ जमा करायचे. कपड्यावर पिवळी चांदणी शिवायची. नियम खरे होते.

तुम्ही जाणार असाल तर पुण्याहून कुर्डुवाडी, तिथून छोट्या रुळांची गाडी बार्शीपर्यंत, पुढं भूमची एसटी. पाणी सोबत ठेवाच. यंदा स्टँडवरचे नळ कोरडे आहेत. भूमला स्टँडसमोर दीड रुपयात पोटभर जेवलो. भाकरी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लालसर आणि चिवट, पण ठेचा उत्तम. ईटच्या गाडीत शेजारच्या म्हाताऱ्यानं माझी वही पाहून विचारलं, "पेपरवाले का? मंग पावसाचं छापा की एकदा." गाडी हसली. बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

संध्याकाळी बाईंनी माझे कागद वाचले, घडी घातली आणि म्हणाल्या, आता याचा उपयोग नाही. पत्र टाकल्यानंतर प्रकरण पुढं गेलं होतं. पुस्तकातल्या ज्यूंवरचे नियम लिहून काढा, एवढंच त्यांनी वर्गाला सांगितलं होतं. कुणीतरी वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या गावाचे नियमही लिहिले. विहिरीला हात लावायचा न्हाय. पाणी वरून ओतून घ्यायचं. हॉटेलातली कपबशी आपली आपण विसळायची. पारावर बसायचं न्हाय. ती वही वर्गभर फिरली. आबांच्या नातवानं हे चार नियम घरी घडाघडा म्हणून दाखवले; वही कुणाची, हे मात्र सांगितलं नाही.

आता आबांना लिहिणारा हवा होता. शनिवारी दहा वाजता शिक्षण विस्तार अधिकारी वह्या तपासायला येणार होते. लिहिणारं मूल बौद्धवाड्यातलं असणार, हे उघड होतं. खडीच्या कामावर मुकादम आबांचा पुतण्या. हजेरीपटावरून बापाचं नाव उडालं, तर या दुष्काळात त्या घरची चूल बंद.

पान फाडून टाका, मी सुचवलं.

"पान फाडलेली वही आधी सापडते," बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला प्रार्थना झाली. मी मागच्या भिंतीशी बसलो होतो. बाईंनी हजेरी घेतली, दार लोटलं आणि सांगितलं, "शुद्धलेखन. वहीचं शेवटचं पान काढा." मग त्यांनी गावाचे ते चार नियम सावकाश, पूर्णविरामासकट सांगितले. प्रत्येक ओळ दोनदा. वर्ग मान खाली घालून लिहीत होता, आबांचा नातूही. सगळ्यांच्या शेवटच्या पानावर आता तेच येणार होतं. ज्याच्या पानावर ते आधीच होतं, त्याचं पेन कागदावर नुसतंच फिरत असणार. ते कोण, हे मला पाहायचं नव्हतं. मी खिडकीतून पटांगण बघत राहिलो.

जीप सव्वादहाला आली; आबाही सोबत होते. अधिकाऱ्यांनी पहिली वही उघडली, मग दुसरी, मग पाचवी. गठ्ठ्यातली एक आबांच्या नातवाची निघाली. आबांनी ती चाळली आणि मिटून ठेवली.

"हे कुणी लिहिलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी. मी सांगितलं, साहेब."

 आबा शांतपणे म्हणाले, "बाई, जर्मनीचं शिकवा, आमची ना न्हाय. आमच्या हिरीवर कशाला येता?"

 अधिकाऱ्यांनी बाईंचा लेखी जबाब घेतला. एक वही पुरावा म्हणून नेली, वरची होती तीच.

परतीची एसटी फाट्यावर दोन तास आली नाही. बाई सोडायला आल्या होत्या. मूल कोणतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी येऊन आठवडा होत आला. ग्रंथांतून मी नेलेली सगळी माहिती खरी होती, पण त्या वर्गाला ती ऐकवून पटवायची गरजच उरली नव्हती, हे मनातून जात नाही. काल बाईंचं कार्ड आलं. या आठवड्यात खडीच्या हजेरीपटावरचं एकही नाव उडालेलं नाही. आपल्या बदलीचा कागद पुढच्या आठवड्यात निघेल, असा त्यांचा अंदाज आहे. कारकुनालाही तसंच वाटतं. कादंबरीची दोन प्रकरणं उरली आहेत. ती सोमवारी आणि मंगळवारी होतील.