फळीखालचा शेंदूर

मी आज जो काही आहे तो दामूमामांमुळे. वडील गेल्यावर त्यांनी मला दहिवलीला आपल्या घरी आणलं, शाळेत घातलं, पुढे मुंबईला कॉलेजात धाडलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी. होऊन कर्जतला शाळेत शास्त्र शिकवू लागलो, तेव्हा मामा भेटेल त्याला सांगत, "आमच्या भाच्याला इजेचं समदं कळतं." आणि नेमकी तिथेच माझी मान खाली जाई, कारण घरची मोटार मला कळत नव्हती.

मोटार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मामांनी ती भाताच्या गिरणीसाठी जुनीच घेतली होती, पण वापरत सगळं घर. दोन वर्षांपासून तिला विचित्र खोड लागली होती. दिवे लावले की भोंगा घोगरा होई, भोंगा वाजवला की दिवे विझत. सकाळी गुणाने निघे, कशेळ्याच्या बाजारात मात्र रुसून बसे. हँडल मारून हात सुजले तरी हूं की चूं नाही. मी वहीत टिपणं ठेवली: ऊन किती, रस्ता कसा, कुठे थांबली. बॅटरी नवी घातली, तारा बदलल्या. काही जुळेना. गावात म्हणत, गाडीवर कुणाची तरी नजर आहे. मी हसत असे, पण मनात शंका शिरली होती. देव रुसला म्हणावं तर मामांइतका भाविक माणूस नाही. आणि शास्त्र खरं म्हणावं तर माझ्या वहीत उत्तर का नाही?

त्या वैशाखात मामांची मुलगी यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना. जनाबाई सुईण म्हणाली, "म्या हात टेकले. पनवेलच्या डाक्तरीणबाईकडं न्या, आत्ताच्या आत्ता." मामा हिवतापाने अंथरुणावर. यमूला मोटारीत मागे निजवून, जनाबाईला तिच्या उशाशी बसवून मी निघालो.

चौकच्या अलीकडे, भर दुपारी, गाडी बंद पडली. हँडल मारून मारून मी घामाने निथळलो. यमूच्या कण्हण्याखेरीज आवाज नव्हता. मी डोळे मिटले. काही मागितलंही नाही. मागायचं काय तेच सुचेना.

डोळे उघडले तेव्हा गवताची बैलगाडी जवळ येऊन थांबत होती. हाकणारा खाकी अर्ध्या चड्डीतला, चाळिशीचा. लढाईत मिलिटरीच्या मोटारींवर होतो, म्हणाला.

"दिवं लावा सायेब. आता भोंगा." दिवे विझले. तो हसला. "करंट जातोय, पन माघारी येत नाय. वाट आडलीय."

त्याने पायाखालची फळी उचलली आणि एकदम हात मागे घेतला. बॅटरीची तार जिथे सांगाड्याला बोल्टाने आवळतात, तिथे शेंदराचं जाड पुट होतं; तार लोखंडाला टेकतच नव्हती. मामा दर दसऱ्याला तार सोडून तिथे तेल-शेंदूर लावत आणि वरून तार पुन्हा आवळत. गाडीचा जीव तिथे आहे, असं ते म्हणत. दोन वर्षं मी सगळं उघडून पाहिलं होतं; तेवढी जागा सोडून. ती मामांची होती.

गाडीवानाने हात जोडले. "कोनी बशिवला ह्यो?"

"मामांनी."

"मंग तुमीच काढा. मी परका मानूस."

त्याने पुढे केलेला चाकू मी घेतला, पण हात पुढे जाईना. मागून यमू ओरडली, "दादा, काढ रं! आबांना मी सांगंन!"

"खाली नको टाकूस," जनाबाई वाकून म्हणाली, "माज्या पदरात दे." ओंजळभर निघाला. खाली लोखंड चमकलं. त्याने तार घट्ट आवळली, आणि हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं. मी गाडीत बसून वळून पाहतो तो बैल चालूही लागले होते. नाव विचारायचं राहिलं.

त्याच वेळी तोच माणूस त्या रस्त्याला का आला, हे मला आजही कळत नाही. पूर्वी असं कोडं सुटेपर्यंत मला झोप लागत नसे. हे एक मी तसंच ठेवलं आहे आणि रोज त्याला नमस्कार करतो. दुसऱ्या दिवशी पनवेलहून मामांना पत्र धाडलं, ते असं:

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

यमूला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. अजून एक तास गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगतो. वाटेत गाडी अडली तेव्हा फळीखालचा शेंदूर मी खरवडून काढला. यमू सगळं स्वतःवर घेईल, तिचं ऐकू नका. चाकू माझ्या हातात होता. शेंदूर जनाबाईंनी फडक्यात बांधून ठेवला आहे. कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगा. तुमची भक्ती चुकली असं मला वाटलं नाही. चुकलो मी. शिकलेला असून तुम्हाला एकदाही विचारलं नाही, की मामा, इथे मी बघू का? तुम्ही नाही म्हणाला नसता, हे आता कळतं.

रागावला असाल तर समक्ष रागवा. ताप उतरला असेल तर परवा न्यायला येतो. मुलीला यमू सध्या नुसतं बाळ म्हणते. नाव तुम्ही येऊन ठेवायचं, तोवर कुणाला सुचवू देत नाही.

आपला भाचा